आईला विचारायचे प्रश्न

‘सुझॅन, सुझॅन’ या कृष्णधवल माहितीपटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. मागे काळोख, चौकटीत फक्त दोघी. पुढे मुलगी, तिच्या मागे आई. दोघींची तोंडं कॅमेऱ्याकडे आहेत, त्यामुळे त्या एकमेकींशी बोलत असल्या तरी एकमेकींचा चेहरा त्यांना दिसत नाही. आपल्याला मात्र दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात. मुलीच्या प्रश्नांचा रोख असा आहे: वडील मला मारायचे, तेव्हा माझं काय होत होतं हे तुला कळत होतं का? आई आधी जपून उत्तरं देते. मग तिचा बांध फुटतो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ती बोलून टाकते. तीही त्याच माणसाचा मार खात होती, त्याच भीतीत दिवस काढत होती.

हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट १९८२ साली कॅमिल बिलॉप्स आणि त्यांचे पती जेम्स हॅच यांनी केला. सुझॅन ही बिलॉप्स यांच्या बहिणीची मुलगी. ती हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर येत होती, आणि मावशीला भाचीच्या व्यसनावरच चित्रपट करायचा होता. पण कॅमेरा सुरू झाल्यावर विषय हातातून निसटला आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला. व्यसन ही वरवर दिसणारी गोष्ट होती. खाली एक सुखवस्तू, देखणं कृष्णवर्णीय कुटुंब होतं, ज्याच्या घरगुती फिल्ममध्ये आणि फोटोंमध्ये सगळे छान कपडे घालून हसताना दिसतात आणि मारहाणीचा मागमूस नसतो.

अशा चित्रपटांचं एक मोठं कूळ आहे. ‘विमेन ऑफ कलर’, म्हणजे गोऱ्यांच्या देशांत राहणाऱ्या गोऱ्या नसलेल्या स्त्रिया, यांनी केलेले छोटे चित्रपट. विषय बहुतेक दोनच: मी कोण, आणि जे झालं त्यातून मी बरी कशी होऊ. हल्ली महोत्सवांच्या पत्रकांत ‘आयडेंटिटी’ आणि ‘हीलिंग’ हे शब्द इतके सैल वापरले जातात की त्यातून नेमकं काय दिसणार हे कळत नाही. म्हणून मला काही ठरावीक चित्रपट घेऊन हे सांगायचं आहे. ते साधारण १९८० ते १९९१ या काळातले आहेत. त्यांच्या दिग्दर्शिका एका देशाच्या, एका वंशाच्या नाहीत. त्यांना एका नावाखाली का मोजायचं, याला इतिहास आहे. १९७७ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. कृष्णवर्णीय स्त्रिया तिथे आपला वेगळा मागणीनामा घेऊन आल्या. लॅटिन, आशियाई आणि आदिवासी वंशाच्या स्त्रियांनाही त्यात सामील व्हायचं होतं. तेव्हा सगळ्यांना पुरेल अशा या नावाभोवती त्या एकत्र आल्या, असं कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. म्हणजे ही रक्ताची नाही, राजकारणातून झालेली जवळीक आहे.

या चित्रपटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ‘मी कोण’ हा प्रश्न घेऊन निघालेली मुलगी आधी आईकडे जाते. बापाकडे क्वचित, सरकारकडे किंवा गोऱ्या समाजाकडे त्याहून क्वचित. आणि बरं होण्याची सुरुवात, झालीच तर, आईला तो प्रश्न विचारता येण्यापासून होते. उत्तर मिळेलच असं नाही.

आईच का? माया, जिव्हाळा ही कारणं आहेतच. पण त्याखाली कायदा आहे आणि तो विसरून चालणार नाही. १६६२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीने असा नियम केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्रजांच्या रूढ कायद्यात मूल बापाच्या नावावर जायचं, इथे मुद्दाम उलटं केलं. गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला मूल झालं, तर ते मूल बापाचा वारस न होता त्याची मालमत्ता झालं. पुढे दोनशे वर्षं ही रीत चालली. आईची कूस हीच कागदोपत्री ओळख ठरली. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया. तिथे साधारण १९१० ते १९७० या काळात सरकार आणि मिशनऱ्यांनी आदिवासी मुलं आयांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवली. १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालाच्या अंदाजानुसार त्या काळात दर दहांतलं एक ते दर तिनांतलं एक मूल असं उचललं गेलं. इथे ओळख पुसायची तर आधी आई काढून घ्यायची, हे धोरणच होतं. ज्यांच्या बाबतीत सत्तेने आई-मुलीच्या नात्यातच हात घातला, त्यांच्या सिनेमात तेच नातं मध्यभागी येणार.

ऑस्ट्रेलियाच्या ट्रेसी मॉफट यांचा ‘नाइट क्राइज’ (१९९०) जेमतेम वीस मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळपास नाहीत. ओसाड माळावरचं एक घर. मध्यमवयीन आदिवासी मुलगी आपल्या मरणाला टेकलेल्या गोऱ्या, दत्तक आईची सेवा करते आहे. ती आईला भरवते, धुते, चाकाच्या खुर्चीतून नेते, आणि तिच्या हालचालीत इतका कंटाळा आणि राग आहे की बघवत नाही. मध्येच लहानपणीचा समुद्रकिनारा येतो. आई क्षणभर दिसेनाशी झाली म्हणून जिवाच्या आकांताने रडणारी मुलगी. आई मेल्यावर मुलगी तिच्या प्रेताशेजारी अंग मुडपून पडते आणि आपल्याला तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं.

हा चित्रपट नीट कळण्यासाठी एक जुना सिनेमा माहीत असावा लागतो. १९५५ साली तिथे ‘जेडा’ आला. आदिवासी कलाकार मुख्य भूमिकांत असलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन कथापट. त्यात गोऱ्या बाईने वाढवलेली आदिवासी मुलगी शेवटी कड्यावरून पडून मरते. मॉफट यांनी विचार केला, ती मेलीच नसती तर? ती चाळिशीची झाली असती आणि तिच्या वाट्याला म्हाताऱ्या आईची सेवा आली असती. सगळा चित्रपट त्यांनी स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांपुढे चित्रित केला. जांभळं आभाळ, तांबडी माती, सगळं खोटं आणि भडक. खरा ऑस्ट्रेलिया दाखवण्याऐवजी सिनेमाने आणि चित्रकलेने तयार केलेला ऑस्ट्रेलिया दाखवायचा, हे त्यामागचं गणित. मॉफट स्वतः गोऱ्या कुटुंबात वाढल्या. त्यामुळे यात आई खलनायिका नाही आणि देवीही नाही. जिने प्रेमही केलं आणि जिच्या घरात असणं हेच एका अन्यायाचं फळ होतं, अशी आई. तिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं? चित्रपट उत्तर देत नाही, आणि मला ते फार खरं वाटतं. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी आयांपासून तोडलेल्या या पिढ्यांची संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे या चित्रपटानंतर अठरा वर्षांनी.

जपानी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शिका रेया ताजिरी यांच्यापुढचा पेच वेगळा होता. त्यांची आई समोर होती, धडधाकट होती, पण तिला आठवतच नव्हतं.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. ताजिरी यांच्या आईचं कुटुंब अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत होतं. ताजिरी यांचे वडील त्याच काळात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करत होते. युद्ध संपलं, मंडळी बाहेर आली आणि गप्प झाली. मुलं वाढली ती या गप्पपणात. घरात काहीतरी घडून गेलं आहे हे कळायचं, काय ते कोणी सांगायचं नाही.

‘हिस्टरी अँड मेमरी’ (१९९१) हा बत्तीस मिनिटांचा व्हिडिओ या गप्पपणावर आहे. ताजिरी यांच्याकडे सुरुवातीला एकच गोष्ट होती: मनात रुतलेलं एक चित्र. रखरखीत ऊन, धूळ, आणि एक तरुण बाई नळाखाली पाण्याची बाटली भरते आहे, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारते आहे. ती बाई म्हणजे आई. पण हे चित्र कुठून आलं, त्याची गोष्ट काय, हे आईलाही सांगता येत नव्हतं. मग मुलगी शोधाला लागते. सरकारी प्रचारपट, हॉलिवूडचे सिनेमे, फोटो, आईचा आवाज, आणि स्वतः पोस्टनला जाऊन केलेलं चित्रीकरण, सगळं एकावर एक रचते. नळाखालचं दृश्य तिने पुन्हा उभं केलं आणि त्यात आईच्या जागी स्वतःच उभी राहिली.

इथे तंत्राचं थोडं सांगायला हवं, कारण ‘प्रायोगिक’ म्हटलं की अनेक जण दचकतात. ताजिरी काही ठिकाणी पडद्यावर नुसता मजकूर सरकवतात. चित्र नाही, कारण चित्र अस्तित्वातच नाही. पर्ल हार्बरची असंख्य दृश्यं आहेत, काही नंतर स्टुडिओत बनवलेली. पण ज्या घरातून माणसं बाहेर काढली, त्या घराचं चित्रण कोणी केलं नाही. छावणीतल्या लोकांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. डेव्ह तात्सुनो नावाच्या एका गृहस्थाने यूटामधल्या टोपाझ छावणीत चोरून आठ मिलिमीटरवर चित्रण केलं, ते या व्हिडिओत वापरलेलं आहे आणि आज राष्ट्रीय ठेवा मानलं जातं. एवढं सोडलं तर रिकामी जागा. ताजिरी ती रिकामी जागा भरून काढत नाहीत, ती किती मोठी आहे हे मोजून दाखवतात. हे एकदा लक्षात आलं की चित्रपट अवघड राहत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. महत्त्वाचं पाऊल होतं. पण आईला न आठवणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नसतं. तिथे मुलीचे बत्तीस मिनिटांचे कष्ट आहेत. शेवटी ती एवढंच करते की मनातल्या त्या चित्राला गोष्ट जोडते आणि ती आईच्या हाती ठेवते.

मोना हातूम यांच्या ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’मध्ये (१९८८) आई आठवते, बोलते, मोकळेपणाने बोलते. अडचण अंतराची आहे. हातूम बैरूतमधल्या पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मल्या. १९७५ साली लंडनला गेल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. पुढे एका भेटीत त्यांनी आंघोळ करणाऱ्या आईचे फोटो काढले, तिच्या संमतीने. व्हिडिओत ते फोटो दिसतात आणि त्यांच्यावर आईच्या पत्रांतली अरबी अक्षरं जाळीसारखी पसरलेली असतात. त्या ओळींच्या आड आईचं शरीर. हातूम संथ आवाजात पत्रांचं इंग्रजी वाचतात, मागे मायलेकी अरबीत खळखळून हसत गप्पा मारताहेत. पत्रांत आई स्वतःच्या शरीराबद्दल, लैंगिक सुखाबद्दल लिहिते. वडिलांना ते फोटो मुळीच आवडलेले नाहीत. आपल्या मालकीच्या जागेत मुलगी घुसली असं त्यांना वाटलं, हेही तीच लिहिते. आणि मग जवळचं पोस्ट ऑफिस मोटारबॉम्बने उडाल्याची बातमी येते, म्हणजे आता पत्रंही नाहीत. पंधरा मिनिटांत निर्वासितपण, अरब स्त्री, बाप, लाज आणि हसू हे सगळं येतं. माझ्या मते या कुळातला हा सगळ्यात भरीव चित्रपट आहे.

ब्रिटनमध्येच एन्गोझी ओन्वुरा काम करत होत्या. वडील नायजेरियन, आई गोरी. ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रन’ (१९८८) मध्ये अशा घरातली दोन मुलं भांडी घासायच्या पावडरीने स्वतःची कातडी घासताना दिसतात, गोरं होण्यासाठी. हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी पोटात गोळा येतो. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ‘द बॉडी ब्युटिफुल’ (१९९१). त्यात ओन्वुरा यांची आई मॅज स्वतः काम करते. कर्करोगामुळे तिचा एक स्तन काढलेला आहे, संधिवाताने अंग आखडलेलं आहे. मुलगी फॅशन मॉडेल. रंगामुळे जगाने जिच्याकडे वळून पाहावं अशी मुलगी, आणि व्रणामुळे जगाने नजर फिरवावी अशी आई. बाष्पस्नानाच्या खोलीत आईचा टॉवेल सरकतो आणि इतर बायका ज्या नजरेने बघतात, तेव्हा मुलीला पहिल्यांदा कळतं की नुसत्या नजरेने माणसाला खाली ढकलणं म्हणजे काय, ते आईलाही माहीत आहे. दोघींचा रंग वेगळा, म्हणून दोघींचा अनुभव वेगळा, ही भिंत इथे खचते. आईच्या मनातली शरीरसुखाची इच्छा दाखवायलाही दिग्दर्शिका कचरत नाही. एका तरुण पुरुषाच्या मिठीत ती स्वतःला कल्पते, आणि ती कल्पना आपण पाहतो. स्वतःच्या आईबद्दल इतकं धीटपणे विचार करू शकणारे दिग्दर्शक फार थोडे असतील.

प्रत्येक चित्रपट आईशीच भिडतो असं नाही. अयोका चेंझिरा यांचा दहा मिनिटांचा ‘हेअर पीस’ (१९८४) हा अ‍ॅनिमेशनपट कुरळे केस सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तापत्या कंगव्यांवर, तेलांवर आणि रसायनांवर आहे, आणि मनमुराद हसवतो. बार्बरा मॅककलो यांच्या सहा मिनिटांच्या ‘वॉटर रिच्युअल’मध्ये (१९७९) लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, महामार्गासाठी घरं पाडून ओसाड टाकलेल्या जागेत, एक बाई स्वतः रचलेला शुद्धीचा विधी करते. तिथे प्रश्न नाहीत, शब्दही नाहीत. ज्यांना विधींचं वावडं नाही त्यांना तो थेट भिडेल.

आता हे सगळे छोटेच का, हा प्रश्न राहतो. कलात्मक कारणं नंतर, आधी पैसा. सोळा मिलिमीटरच्या शंभर फुटी रिळात पावणेतीन मिनिटं मावतात, चारशे फुटी रिळात साधारण अकरा. रीळ विकत घ्या, धुवा, प्रत काढा, आवाज जोडा, प्रत्येक टप्प्यावर पैसे. मोठ्या स्टुडिओंची दारं बंद होती. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट देशभरच्या चित्रपटगृहांत पहिल्यांदा लागला तो ज्युली डॅश यांचा, तयार झाला १९९१ साली. तोवर या बायकांना जागा मिळाली ती विद्यापीठांत. लॉस एंजेलिसमध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत १९६५ साली झालेल्या उठावानंतर तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात गोरे नसलेले विद्यार्थी येऊ लागले, आणि त्यांतून पुढे ‘एल. ए. रिबेलियन’ नावाने ओळखली गेलेली पिढी घडली. मॅककलो आणि डॅश त्यातल्याच. विद्यार्थ्याला मिळणार थोडी रिळं आणि उसनी उपकरणं, त्यात जेवढं मावेल तेवढं. १९८० नंतर व्हिडिओ स्वस्त झाला. चित्रावर अक्षरं पसरवणं, एकावर एक थर देणं सोपं झालं. हातूम आणि ताजिरी यांची शैली या सोयीतून फुलली.

पैशाच्या अडचणीतून आलेला आखूडपणा पुढे कामाचा ठरला. अडीच तासांच्या चित्रपटाला शेवट लागतो, समेट लागतो, निदान अश्रू तरी लागतात. पंधरा मिनिटांच्या चित्रपटाला प्रश्न विचारून थांबता येतं. बरं होणं ही वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट असते, ती पूर्ण झाल्याचं दाखवणं खोटं ठरलं असतं. आखूड लांबीमुळे या बायकांना ते खोटं बोलावं लागलं नाही.

आणि हे चित्रपट बघितले कुठे गेले? वर्गांत, ग्रंथालयांत, बायकांच्या गटांत. न्यू यॉर्कमधली १९७२ मध्ये सुरू झालेली ‘विमेन मेक मूव्हीज’ आणि ‘थर्ड वर्ल्ड न्यूजरील’ या संस्था त्यांच्या प्रती फिरवत. चित्रपट संपला की दिवे लागत आणि बोलणं सुरू होई. अर्ध्या तासाचा चित्रपट आणि तासभराची चर्चा, हे माप बसवूनच ते केलेले होते असं म्हटलं तरी चालेल.

नेमक्या याच वर्षांत आपल्याकडे ‘युगांतर’ हा स्त्रियांचा चित्रपटगट काम करत होता, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावं. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेसोबत ‘मोलकरीण’ केला, पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर चित्रपट केला, आणि १९८३ मध्ये घरातल्या मारहाणीवर ‘इदी कथा मात्रमेना’ हा तेलुगू लघुपट. त्या नावाचा अर्थ, ‘ही नुसती गोष्ट आहे का?’ बिलॉप्स यांच्या चित्रपटानंतर एकाच वर्षाने, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तोच विषय, तितकीच लांबी, आणि दाखवायची तीच रीत: बायकांच्या बैठकीत, नंतर चर्चा. दोन्हींतला फरकही बोलका आहे. युगांतरच्या चित्रपटांत बोलणाऱ्या बायका गटाने बोलतात, मालकिणीशी, ठेकेदाराशी, समाजाशी. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या चित्रपटांत एकटी मुलगी एकट्या आईशी बोलते. आपल्याकडे तो दुसरा प्रकार, मुलीने कॅमेऱ्यापुढे आईला विचारणं, अजून फारसा झालेला नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं, विशेषतः ज्या घरांत जातीचा अनुभव आईने मुलीपासून लपवून ठेवला अशा घरांतून.

या वाटेवर एक काटा आहे आणि तो झाकून चालणार नाही. घरच्या माणसाचं दुःख पडद्यावर आणायचा हक्क कोणाचा? सुझॅनची व्यथा मावशीने जगाला दाखवली. आईच्या अंगावरचा व्रण मुलीने दाखवला. हातूम यांच्या वडिलांचा राग चित्रपटातच नोंदवलेला आहे. माझं मत असं की या दिग्दर्शिकांनी हा प्रश्न टाळला नाही, तो चित्रपटात घेतला. मॅज ओन्वुरा कॅमेऱ्यापुढे उभी राहते ती स्वतःच्या आवाजात बोलत. पण संमती एकदा घेतली की काम संपलं असं नसतं. चित्रपट चाळीस वर्षं फिरत राहतो, माणूस दरम्यान बदलतो. जो कोणी घरच्यांवर चित्रपट करायला निघेल त्याने हे आधी आईशी बोलावं, मग कॅमेरा उचलावा.

कॅमिल बिलॉप्स यांच्यावर तर हीच वेळ उलटून आली. तरुणपणी त्यांना लग्नाशिवाय मुलगी झाली होती. ती चार वर्षांची असताना, १९६० च्या सुमारास, त्यांनी तिला दत्तक देण्यासाठी संस्थेत सोडलं आणि स्वतः चित्रकलेच्या, शिल्पकलेच्या वाटेने निघून गेल्या. १९८० च्या सुमाराला ती मुलगी, क्रिस्टा, त्यांना शोधत आली. ‘फाइंडिंग क्रिस्टा’ (१९९१) मध्ये मुलगी तोच जुना प्रश्न विचारते, मला का सोडलंस? या वेळी प्रश्न झेलणारी आई म्हणजे दिग्दर्शिका स्वतः. ती रडून माफी मागेल अशी आपली अपेक्षा असते. ती मागत नाही. मला आई व्हायचं नव्हतं, असं ती सांगते आणि त्यावर ठाम राहते. घरचे लोक तिला कॅमेऱ्यापुढे सुनावतात, तेही तिने ठेवलं आहे. क्रिस्टाला वाढवणारी दुसरी आईही चित्रपटात आहे. १९९२ च्या सनडान्स महोत्सवात याला माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्यावरची भांडणं आजही संपलेली नाहीत. एका बाईने मातृत्व नाकारावं आणि त्याबद्दल लाज वाटून घेऊ नये, हे तेव्हा धक्कादायक होतं, आताही आहे. मुलगी बरी झाली का? थोडी. तिला निदान खरं उत्तर मिळालं, गोड नसलेलं.

हे पाहायचे असतील तर एका क्रमाने पाहावेत असं मी सुचवेन. आधी ‘हेअर पीस’, कारण तो दहा मिनिटांचा आहे आणि मन मोकळं करतो. मग ‘सुझॅन, सुझॅन’. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दरवर्षी पंचवीस चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडते, त्यात ‘सुझॅन, सुझॅन’ २०१६ साली आणि ‘हेअर पीस’ २०१८ साली आला. त्यानंतर ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’, आणि तो सलग दोनदा: पहिल्यांदा पत्रं ऐका, दुसऱ्यांदा मागचं अरबी हसणं. ‘हिस्टरी अँड मेमरी’ शेवटी ठेवा आणि त्या आधी आदेश ९०६६ बद्दल थोडं वाचून घ्या. ‘फाइंडिंग क्रिस्टा’ मात्र एकट्याने बघू नका. पंचावन्न मिनिटांचा आहे, आणि तो संपल्यावर वाद घालायला समोर कोणीतरी लागतं.